हॉलमधल्या टीव्हीसाठी आवाज न करणारा लिनक्स पीसी: कुठला बोर्ड, कुठली पेटी?

खानापूर_नाका

नमस्कार मंडळी. हॉलमधल्या टीव्हीला जोडायला एक लिनक्स पीसी घ्यायचा आहे. काम एवढंच: सिनेमे, गाणी, घरचे व्हिडिओ. गेमिंग नाही, ऑफिसचं काम नाही.

टीव्ही ५५ इंची, फोर-के, एचडीआर१० (उजेड-अंधाराचा पल्ला जास्त दाखवणारं चित्र) चालतं. सोबत ५.१ चा एव्ही रिसीव्हर आहे, त्याला एचडीएमआय २.० आणि एआरसी (टीव्हीतला आवाज त्याच केबलने रिसीव्हरला नेणारी सोय). फाइल्स बहुतेक एचईव्हीसी १०-बिट, काही फोर-के रिमक्स (ब्ल्यू-रेवरचा सिनेमा पुन्हा न दाबता जसाच्या तसा, एकेक फाइल ६०-७० जीबीची), थोड्या एव्ही१. सगळा साठा ४ टीबीच्या दोन साडेतीन इंची हार्ड डिस्कवर. डीडी फ्री डिशची छत्री आहे. आईला सह्याद्री लागतं, वहिनींना चंदना (दूरदर्शनची कन्नड वाहिनी).

घर खानापूरच्या बाजूला, कौलारू. रात्री नऊनंतर बाहेर चिटपाखरू नसतं, त्यामुळे बारीकशी घरघरसुद्धा कानात बसते. पीसी टीव्हीखालच्या सागवानी शोकेसमध्ये काचेच्या दाराआड ठेवायचा विचार आहे. पावसाळ्यात लाइटची ये-जा असते, घराला इन्व्हर्टर आहे.

बजेट टीव्ही-रिसीव्हर सोडून २५ हजारांच्या आसपास. बाजारात चौकशी केली तर आय५, टॉवर कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड असं कोटेशन हातात आलं. वाचायला गेलं तर कोणी रास्पबेरी पाय म्हणतं, कोणी फॅनलेस मिनी पीसी. नेमकं काय घ्यावं आणि घेताना काय तपासावं?

टिळकवाडी_बिट्स

ते कोटेशन बाजूला ठेवा. सिनेमा चालू असताना सीपीयू जवळजवळ रिकामा बसलेला असतो. व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्सच्या भागात असलेला स्वतंत्र डिकोडर करतो. तुमच्या फाइलचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, जसं एचईव्हीसी किंवा एव्ही१) त्या डिकोडरला येत असेल तर ६ वॅटची चिप पुरते. येत नसेल तर आय५ ला सगळे कोर जुंपावे लागतात, आणि कोर तापले की पंखा बोलायला लागतो. आवाजाचा हिशोब इथून सुरू होतो. पंखा कुठला, हा प्रश्न फार नंतरचा.

इंटेलमध्ये पिढ्या अशा आहेत. सहाव्या पिढीचा डिकोडर एचईव्हीसी फक्त ८-बिट पूर्ण हार्डवेअरवर करतो, म्हणजे तुमच्या उपयोगाचा नाही. सातव्यापासून दहाव्यापर्यंत एचईव्हीसी १०-बिट आणि व्हीपी९ (आणखी एक कोडेक) १०-बिट येतं, एव्ही१ येत नाही. अकराव्या पिढीपासून एव्ही१ येतं. एएमडीत रायझन ५६००जी सारख्या व्हेगा ग्राफिक्सच्या चिपला एव्ही१ नाही. लॅपटॉपवाल्या ६००० मालिकेपासून आणि डेस्कटॉपच्या ७००० मालिकेपासून आहे.

एएमडीबद्दल आणखी एक. एचडीएमआय २.१ चा तपशील खुल्या ड्रायव्हरमध्ये घालायला एचडीएमआय फोरमने एएमडीला नकार दिला, ही गोष्ट २०२४ च्या फेब्रुवारीतली. त्यावर पुष्कळ आरडाओरडा झाला, पण तुमच्या कामात त्याने फरक पडत नाही. २४ फ्रेमचा फोर-के एचडीआर सिनेमा एचडीएमआय २.० च्या १८ जीबीपीएसमध्ये सहज मावतो, आणि तुमचा रिसीव्हरही २.० चाच आहे. १२० हर्ट्झवर गेम खेळणाऱ्याने त्याची काळजी करावी.

माझं मत सरळ इंटेल एन१००. जानेवारी २०२३ मध्ये आलेली चिप, चार छोटे कोर, टीडीपी (चिप किती तापते त्याचा वॅटमधला आकडा) ६ वॅट, एचईव्हीसी १०-बिट, व्हीपी९ १०-बिट आणि एव्ही१ तिन्ही हार्डवेअरवर. भिंतीच्या सॉकेटपाशी मोजलं तर सिनेमा चालताना पूर्ण पेटी साधारण १० ते १५ वॅट घेते. एवढी उष्णता ॲल्युमिनियमचं खोकं पंख्याशिवाय बाहेर टाकू शकतं.

घेताना नाव नीट वाचा. एन९५ ही त्याच कुळातली चिप, पण टीडीपी १५ वॅट. एन९७ ची १२ वॅट. डिकोडर तोच, उष्णता जास्त. स्वस्त मिनी पीसीत एन९५ घालून वर चिमुकला ब्लोअर बसवलेला असतो आणि तो ब्लोअरच रात्री किंकिं करतो. जे४१२५ असलेले खोके त्याहून स्वस्त मिळतात, त्यांना एव्ही१ येत नाही. एन१५० नवी आहे, चालेल, पण मग लिनक्सचं कर्नलही चालू घ्या.

दोन वाटा आहेत. एक, तयार फॅनलेस पेटी: पंखे असलेल्या मिनी पीसीपेक्षा जड, वरचं अंग खाचाखाचांचं, म्हणजे खोकं हेच हीटसिंक. दुसरी, एएसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स बोर्ड. त्यावर पंखा नाही, मोठा हीटसिंक आहे, १९ व्होल्टची डीसी पिन थेट बोर्डावर येते, म्हणजे एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) आणि त्याचा पंखा दोन्ही गेले. लॅपटॉपचा ६५ ते ९० वॅटचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो; पिनची जाडी जुळते का ते घेण्याआधी बघा. दोन साटा पोर्ट आहेत.

रॅम ८ जीबी बास. एन१०० ला मेमरीचं एकच चॅनेल आहे, दोन काड्यांचा फायदा नाही. एसएसडी १२८ जीबीची पुरते. फॅनलेस पेटीत एनव्हीएमईपेक्षा साधी साटा एसएसडी थंड राहते. एनव्हीएमईच घेतलीत तर तिच्या आणि खोक्याच्या तळाच्या मध्ये थर्मल पॅड आहे का ते झाकण उघडून बघा. तो नसला की पहिल्याच उन्हाळ्यात डिस्क हळू पडते आणि लोक दोष चिपला देतात.

बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ असे वीजमर्यादेचे दोन आकडे असतात. पेटी बनवणारे पीएल१ ६ ऐवजी १५, पीएल२ २५ असा वाढवून ठेवतात, म्हणजे जाहिरातीत वेग दिसतो. पीएल१ ८ किंवा १० वर आणा. सिनेमात काही फरक पडणार नाही, खोकं मात्र लक्षात येण्याइतकं थंड राहील.

सॉफ्टवेअर लिब्रेएलेक १२ (एवढ्याच कामाचं छोटं लिनक्स). त्यात कोडी २१ (सिनेमे-गाणी चालवणारा प्लेअर) येतं. डाउनलोड करताना ‘जेनेरिक’ इमेज घ्या, ‘जेनेरिक-लेगसी’ नको. जेनेरिक जीबीएमवर (चित्र थेट पडद्याला देणारी पद्धत) चालते आणि लिनक्सवर कोडीत एचडीआर तिथेच मिळतं. लेगसी एक्स११ वर (लिनक्सची जुनी चित्रपद्धत) आहे, तिथे एचडीआर फाइल फिकट, राखाडी दिसते. एनव्हिडियाच्या कार्डाला लेगसीच घ्यावी लागते, म्हणून तुमच्या कोटेशनमधलं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर खर्च वाढून एचडीआर हातचं गेलं असतं.

पहिली फाइल लावल्यावर कीबोर्डवर ओ दाबा. पडद्यावर डिकोडरचं नाव येतं. त्यात व्हीएएपीआय (चिपच्या डिकोडरशी बोलणारा लिनक्सचा दुवा) आणि हार्डवेअर असं दिसलं पाहिजे. सॉफ्टवेअर दिसलं तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये व्हीएएपीआय बंद आहे किंवा कोडेक चिपला येत नाही. डेबियन-उबुंटू टाकणार असाल तर इंटेलचा मीडिया ड्रायव्हर (नॉन-फ्री आवृत्ती) घालून व्हीएइन्फो ही आज्ञा चालवा आणि यादीत एचईव्हीसी मेन१० आणि एव्ही१ प्रोफाइल० आहेत का बघा.

चिकोडी_पाय

रास्पबेरी पाय ५ चा विचार फक्त एव्ही१ फाइल्समुळे बाद होतो. फोर-के एचईव्हीसी ६० फ्रेमपर्यंत हार्डवेअरवर, एच.२६४ हार्डवेअरवर नाही पण १०८०पी तो सीपीयूवर आरामात ओढतो. फोर-के एव्ही१ ओढत नाही. एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय केबलमधूनच रिमोटचे हुकूम पोचवणारी सोय) अंगभूत असल्याने टीव्हीच्याच रिमोटवर सगळं चालतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. ज्यांच्याकडे एव्ही१ नाही त्यांनी ४ जीबीचा पाय, धातूची पंखाविरहित पेटी आणि अधिकृत २७ वॅटचा ॲडॉप्टर घ्यावा. मोबाइलचा चार्जर लावू नका. ५ व्होल्टवर ५ अँपिअर त्यातून येत नाहीत आणि मग यूएसबी डिस्क मधेच गायब होते.

संकेश्वर_सर्किट

एन१०० वर माझा आक्षेप नाही, पण बजेट खाली आणायचं असेल तर ऑफिसातून निघालेले जुने मिनी बघा की. लेनोव्होचा एम७२०क्यू टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी४ मिनी. तिन्ही आठव्या पिढीचे. एव्ही१ च्या थोड्या फाइल्स असतील तर त्या एकदा एचईव्हीसीत बदलून टाका.

आत चिप टी वर्गाची (३५ वॅट) आहे का ते आधी विचारा. ६५ वॅटची असेल तर पंखा वेगात फिरतोच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पोर्टात. या मशिनांवर एचडीएमआय असलं तरी ते बहुधा १.४ असतं, म्हणजे फोर-के फक्त ३० हर्ट्झ. मेनू ओढल्यासारखा चालतो, ५० हर्ट्झचं टीव्ही प्रक्षेपण तुटक दिसतं. उपाय म्हणजे डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.० चा ॲक्टिव्ह ॲडॉप्टर. ‘पॅसिव्ह’ स्वस्त असतो, तो चालणार नाही. आणि ॲक्टिव्ह घेतला तरी त्यातून एचडीआरची माहिती पलीकडे जाईल याची खात्री नसते, म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणी घ्या. एचडीआर ही तुमची पहिली गरज असेल तर या वाटेला न गेलेलंच बरं, हे मीच सांगतो.

पंख्याबद्दल एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. पंख्याचे फेरे निम्मे केले की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मी तरी मिळत राहते. म्हणून ४० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरचा पंखा ५००-६०० फेऱ्यांवर केव्हाही चांगला. ज्यांना डिस्का पेटीतच ठेवायच्या आहेत त्यांनी मिनी-आयटीएक्सची थोडी मोठी पेटी आणि असा एक पंखा घ्यावा. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स पॅकेजमधलं पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालवून फॅनकंट्रोल (तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग ठरवणारा प्रोग्राम) लावायचा. पीडब्ल्यूएमकॉन्फिग प्रत्येक पंखा थांबवून बघतं, ते चालू असताना मशीनवर दुसरं काम ठेवू नका. त्यात सुरुवातीचा झटका द्यायचा आकडा आणि किमान आकडा वेगळे असतात. किमान फार खाली ठेवला तर पंखा थंडीत सुरूच होत नाही, किंवा थांब-चाल करत टिकटिकतो. सलग मंद आवाज कानाला सवयीचा होतो, टिकटिक होत नाही.

निपाणी_एसएमपीएस

हार्डवेअरचं वरती झालं आहे. मी धूळ, ओल आणि वीज एवढ्यावरच लिहितो, कारण आपल्या भागात पेट्या मरतात त्या यातच.

धूळ. निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या आजूबाजूच्या घरांत जी बारीक पूड हवेत असते ती चिकट असते, पंख्याच्या पात्यांवर थर धरते. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांकडे लोखंडाची पूड. खानापूरला धूळ कमी पण जून ते सप्टेंबर ओल भरपूर. पंख्याच्या पात्यांवर असमान थर बसला की तोल जातो आणि घरघर सुरू होते. नवा पंखा आणण्याआधी तो साफ करून बघा. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, हवेने भरधाव फिरवलं तर बेअरिंग जातं. फॅनलेस पेटीला हा त्रास नाही, म्हणून तुमच्यासाठी मी फॅनलेसच म्हणेन. तिच्या बाजूच्या फटींवर मात्र बारीक स्टीलची जाळी लावा. मुंग्या आणि पाली ऊब शोधत आत शिरतात आणि पॉवरच्या भागावर अडकून शॉर्ट करतात.

अर्थिंग. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि दोन पिनचे ॲडॉप्टर यांत आवाजी विजेला गाळायला वाय-कपॅसिटर असतात. अर्थ नसला की त्यांच्यातून धातूच्या अंगावर साधारण निम्मा दाब, शंभर-सव्वाशे व्होल्ट, चढून बसतो. प्रवाह अगदी कमी असतो, हाताला मुंग्या येतात इतकाच. पण छत्रीची केबल एकीकडे जमिनीला लागलेली असते आणि तुम्ही चालू अवस्थेत एचडीएमआय खोचता, तेव्हा तो दाब त्या बारीक पिनांतून वाट काढतो आणि पोर्ट जळतं. म्हणून नियम असा की कुठलीही केबल काढता-घालताना सगळे स्विच बंद. आणि सॉकेटात मल्टिमीटर लावून बघा: फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ काहीच दाखवत नसेल तर तिसरी पिन नावालाच आहे. जुन्या कौलारू घरांत हे सर्रास सापडतं. आधी वायरमन बोलवा, पीसी नंतर.

याच कारणाने स्पीकरमधून हूं असा आवाज येतो. पीसी, रिसीव्हर, टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरी राहिला तर छत्रीची कोॲक्स केबल काढून बघा. हूं थांबला तर दोन ठिकाणी अर्थ लागून झालेला लूप तिथेच आहे.

इन्व्हर्टर. स्क्वेअर वेव्हचा असेल तर पीसीचा ॲडॉप्टर चालेल, पण रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर बॅटरीवर गेला की गुणगुणतो. एवढी शांत पेटी घेऊन मग रिसीव्हर गुणगुणत बसला तर काय उपयोग? साइन वेव्हच हवा. मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा म्हणजे बदल इतका झटपट होतो की पीसी रिस्टार्ट होत नाही. एक अडचण येते: यूपीएस मोडमध्ये दाबाची खिडकी अरुंद असते, साधारण १८० ते २६०. संध्याकाळी दाब १८० च्या खाली गेला की लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच राहतो. तसं होत असेल तर बटण नॉर्मलवर ठेवून पीसीपुरता ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावा.

वळवाच्या पावसात, एप्रिल-मे मध्ये, कडकडाट सुरू झाला की नुसता स्विच बंद करून भागत नाही. छत्रीची केबल आणि लॅनची केबल दोन्ही ओढून काढा. वीज त्या वाटेनेही येते.

बाहेरच्या डिस्कला एनटीएफएस (विंडोजची फाइलपद्धत) नको, एक्सटी४ (लिनक्सची) करा. अचानक लाइट गेली की एनटीएफएसवर अस्वच्छ अशी खूण राहते आणि पुढच्या वेळी लिनक्स ती डिस्क एकतर घेत नाही किंवा फक्त वाचायला घेते.

खानापूर_नाका

खूप आभार. एन१०० फॅनलेस पेटी नक्की करतो. अर्थिंग तपासून घेतो, शंका आहेच.

अजून तीन प्रश्न. दोन्ही हार्ड डिस्क शोकेसमध्येच यूएसबी डॉकवर ठेवल्या तर चालेल का? शोकेसचा खण ४५ सेंटिमीटर रुंद, ३५ खोल, २० उंच, मागे प्लायवूड. रिसीव्हर ट्रूएचडी (डॉल्बीचा दर्जा न घटवलेला आवाज) वाचतो पण एचडीआर पुढे टीव्हीला पाठवत नाही असं मॅन्युअलमध्ये दिसतंय, तर जोडणी कशी करू? आणि डीडी फ्री डिशसाठी ट्यूनर कार्ड कुठलं?

अनगोळ_अल्सा

डिस्कपासून. शोकेसमध्ये नको. फॅनलेस पेटी घेतल्यावर घरात फिरणारी वस्तू फक्त डिस्क उरते, आणि सागवानी फळी तिची थरथर मिरजेच्या तानपुऱ्याच्या भोपळ्यासारखी मोठी करून हॉलभर देते. डिस्क स्वतः फार आवाज करत नाही, फळी करते.

उत्तम उपाय म्हणजे डिस्का दुसऱ्या खोलीत. माडीवर किंवा जिन्याखाली एखादा जुना पीसी डेबियनवर ठेवा, त्यातून एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर देण्याची लिनक्सची पद्धत) फोल्डर वाटा, हॉलपर्यंत कॅट६ केबल ओढा. ७० जीबीची दोन तासांची फाइल म्हणजे सरासरी ७८ एमबीपीएस. अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेची कमाल १२८ पर्यंत जाते. म्हणजे १०० एमबीपीएसचं पोर्ट किंवा जुना स्विच मधेच गुदमरतो आणि गिगाबिटला घामही फुटत नाही. राउटरवर पोर्टचा वेग वाचून घ्या, घरोघरी दिलेल्या पुष्कळ राउटरवर १०० चंच पोर्ट असतं. वाय-फायवर रिमक्स चालवायचा हट्ट करू नका. मातीच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ पोचत नाही. कोडी साध्या युजरखाली चालणार असेल तर एनएफएसच्या एक्सपोर्टमध्ये ‘इनसिक्युअर’ हा पर्याय घालावा लागतो, कारण त्याचं एनएफएस १०२४ च्या वरचं पोर्ट वापरतं. तो नसला की परवानगी नाकारली एवढंच दिसतं आणि माणूस तासभर फोल्डरचे हक्क तपासत बसतो.

केबल ओढणं आत्ता जमणार नसेल तर डॉक फरशीवर, खाली १० मिलिमीटरचं मऊ रबर किंवा जाड फोम, लाकडाला कुठेही टेकता कामा नये. न वापरता १० मिनिटांनी डिस्क थांबवा. एचडीपार्मच्या कॅपिटल एस पर्यायाला १२० दिलं की १० मिनिटं होतात, कारण एक एकक ५ सेकंदांचं असतं. पण २४१ दिलं की अर्धा तास होतो, तिथून मोजणी बदलते. पुष्कळ यूएसबी डॉक ही आज्ञा डिस्कपर्यंत जाऊच देत नाहीत. तेव्हा एचडी-आयडल वापरा.

डॉक स्वस्त असेल तर आणखी एक दुखणं: मोठी फाइल चालताना डिस्क काही सेकंद अडकते आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदीत) यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलायची वेगवान पद्धत) ॲबॉर्टच्या ओळी येतात. यूएएस बंद करायचा, म्हणजे यूएसबी-स्टोरेज क्वर्क्समध्ये डॉकचा क्रमांक आणि शेवटी यू. वेग थोडा उतरतो, सिनेमाला पुरून उरतो. आणि यूएसबी ३ च्या केबलजवळ वायरलेस कीबोर्डचा डोंगल लावू नका, २.४ गिगाहर्ट्झवर तिचा गोंगाट पडतो आणि बटणं गहाळ होतात. मीटरभर यूएसबी २ एक्स्टेंशनवर डोंगल पुढे आणा.

खण चालेल. मागच्या प्लायला ५० मिलिमीटरची दोन भोकं पाडा, एक तळाशी, एक वरच्या टोकाला तिरकस कोपऱ्यात. गरम हवा वरून निघते आणि खालून गार शिरते. पेटीच्या वर निदान १० सेंटिमीटर मोकळं ठेवा, आणि रिसीव्हर त्या खणात अजिबात नको. तो पीसीच्या कित्येक पट तापतो.

आता जोडणी. रिसीव्हर एचडीआर पुढे देत नसेल तर पीसी थेट टीव्हीला, आणि टीव्हीतून एआरसीने रिसीव्हरला. एआरसीतून डॉल्बी डिजिटल जातं, ट्रूएचडी जात नाही, त्याला ई-एआरसी लागतं. मग कोडीत ऑडिओ पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरला देणं) चालू करा, रिसीव्हर एसी३ (म्हणजेच डॉल्बी डिजिटल) घेतो ही खूण करा, ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीच्या खुणा काढा, आणि डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग चालू करा. चॅनेलची संख्या मात्र २.० ठेवायची. लोक ५.१ ठेवतात कारण स्पीकर पाच आहेत, आणि मग ट्रान्सकोडिंग लागूच होत नाही, मागचे स्पीकर मुके राहतात. २.० ही पीसीएमची (न दाबलेल्या आवाजाची) संख्या आहे, स्पीकरची नाही.

टीव्हीत त्या पोर्टापुरतं एक सेटिंग उघडावं लागतं, नाहीतर एचडीआर सुरूच होत नाही. एलजीत एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट. केबल प्रीमियम हाय स्पीड, तीन मीटरच्या आत. पडद्यावर ठिणग्या उडाल्या किंवा सेकंदभर काळोख झाला की आधी केबल बदला.

कोडीत रिफ्रेश रेट ‘सुरू करताना आणि थांबवताना’ बदलायला लावा आणि व्हाइटलिस्टमध्ये (कोडीने वापरायच्या रेटांची यादी) ३८४०×२१६० चे २३.९७६, २४, २५, ५०, ५९.९४ आणि ६० एवढे निवडा. मेनू ६० वर आणि सिनेमा २३.९७६ चा असला की कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं, आणि माणसं ते चिपच्या माथी मारतात.

डॉल्बी व्हिजनची (डॉल्बीचा एचडीआर प्रकार) अपेक्षा यात ठेवू नका. प्रोफाइल ५ ची फाइल असेल तर रंग हिरवे-जांभळे दिसतील. त्यात एचडीआर१० चा पायाच नसतो, तेव्हा ती फाइल एचडीआर१० मध्ये शोधा.

टिळकवाडी_बिट्स

ट्यूनरचा विचार सोडा, हे माझं स्पष्ट मत. छत्रीचा सेट-टॉप बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टला तसाच राहू दे. आईंना आणि वहिनींना त्याच्या रिमोटची बटणं पाठ असतात. सह्याद्री आणि चंदना एका बटणावर लागतात ते मोडून कोडीच्या मेनूत नेण्यात कुणाचं भलं नाही. पीसी बिघडला तरी घरची मालिका चालू राहिली पाहिजे.

रेकॉर्डिंगच हवं असेल तर गोष्ट वेगळी. छत्री जीसॅट-१५ कडे, ९३.५ अंश पूर्वेला बघते. कर्नलमध्ये ज्याचा ड्रायव्हर आधीपासून आहे असा डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाचा) यूएसबी ट्यूनर घ्या, उदाहरणार्थ डीव्हीबीस्काय एस९६०. बाहेरचा ड्रायव्हर कंपाइल करावा लागणारा घेतलात तर प्रत्येक कर्नल अपडेटला तो मोडतो. एलएनबीला (छत्रीसमोरच्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट द्यावे लागतात, ते यूएसबीतून निघत नाहीत, म्हणून ट्यूनरला स्वतःचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर असतो. तो इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्यायला विसरू नका. सॉफ्टवेअर टीव्हीहेडएंड, एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, आणि ज्या वाहिन्या खुल्या येतात तेवढ्याच सापडतील. ३ एमबीपीएसची साधी वाहिनी तासाला सुमारे १.३५ जीबी जागा घेते. चित्र इंटरलेस (एकाआड एक ओळींचं) असतं, कोडीत व्हीएएपीआयचं डीइंटरलेसिंग चालू नसेल तर हलणाऱ्या कडांना दात दिसतात.

पैसे देऊन बघायच्या ओटीटीसाठी टीव्हीतलंच ॲप वापरा. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये वाइडवाइन (ओटीटीचं कॉपी रोखणारं कुलूप) एल३ या खालच्या पातळीवर चालतं, तिथे फोर-के मिळत नाही, कितीही चांगली चिप घेतली तरी.

खानापूर_नाका

ट्यूनर रद्द. शेवटचं: पीसीचा रिमोट आणि लाइट गेल्यावर आपोआप चालू होणं, हे कसं जमवायचं? आणि मराठी सबटायटलमध्ये चौकोन दिसतात असं वाचलं, ते खरं का?

संकेश्वर_सर्किट

चौकोन दिसतात ते फॉन्टमध्ये देवनागरी नसल्यामुळे. नोटो सॅन्स देवनागरीची फाइल कोडीच्या मीडिया फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये टाका आणि सबटायटलच्या सेटिंगमध्ये तो फॉन्ट निवडा. तरी अक्षरं विचित्र आली तर एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा.

रिमोटसाठी फ्लर्कचा यूएसबी आयआर (इन्फ्रारेड) रिसीव्हर. तो संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसतो, म्हणून लिनक्सवर ड्रायव्हरची भानगड नाही. घरात पडलेला कुठलाही जुना रिमोट त्याला शिकवता येतो. शिकवायचं काम एकदाच, दुसऱ्या संगणकावर. बटणं त्याच्या आतच जतन होतात. मात्र टीव्हीचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा रिमोट शिकवू नका, नाहीतर आवाज वाढवायला जाल आणि सिनेमा थांबेल. काचेच्या दाराआड आयआर चालतं, पण काच रंगीत असेल तर फ्लर्क छोट्या यूएसबी एक्स्टेंशनवर बाहेर काढून टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवा.

पीसीला टीव्हीच्या रिमोटवर सीईसीने चालवायचं म्हणाल तर साध्या पीसीच्या एचडीएमआयवर सीईसी जोडलेलंच नसतं. पल्स-एटचा यूएसबी-सीईसी अडॅप्टर मिळतो, पण फ्लर्कवर भागतं.

लाइट आल्यावर चालू होण्यासाठी बायोसमध्ये ‘एसी पॉवर लॉस’नंतर काय करायचं असा पर्याय असतो, तो ‘पॉवर ऑन’ करा. ‘लास्ट स्टेट’ नको. इन्व्हर्टरची बॅटरी संपताना पीसी नीट बंद झाला असेल तर तो बंदच राहतो. काही मिनी पीसीच्या बायोसमध्ये हा पर्याय नसतो, घेण्याआधी विक्रेत्याला हेच विचारा.

रिमोटने पूर्ण बंद पेटी उठवायचा खटाटोप करू नका, पुष्कळ मिनी पेट्यांत बंद अवस्थेत यूएसबीला वीजच नसते. चालूच ठेवा. नुसती बसलेली एन१०० पेटी ७ वॅटच्या आसपास घेते, महिन्याला ५ युनिट. सस्पेंड करायचाच असेल तर फ्लर्क ज्या यूएसबी पोर्टात आहे त्याचं वेकअप ‘एनेबल्ड’ करा, आणि सस्पेंडमधून उठल्यावर रिसीव्हरला आवाज पोचतो का ते चारपाच वेळा तपासा. एआरसीची जुळणी बहुधा तिथेच अडते, आणि तेव्हा आधी टीव्ही, मग पीसी या क्रमाने उठवलं की सुटते.